कडक केलेला क्लास सैल कसा झाला: जावाच्या रिफ्लेक्शनला दिसलेला कॉटलिन

संध्याकाळच्या दुधाची वेळ. सहा वाजून गेले होते. एका संकलन केंद्राच्या सचिवांचा फोन आला. "मॅडम, लिटर बरोबर येतंय, फॅट बरोबर येतीय, दर पण बरोबर हाय. पण पावतीवर रक्कम शून्य येतीय बघा. लोकं कॅन घेऊन उभी हायती."

दहा मिनिटांत दुसऱ्या केंद्राचा फोन आला. तिथे पावती निघतच नव्हती, छापायचं बटण दाबलं की ॲप बंद पडत होतं. तिसऱ्या केंद्रावर छपाईयंत्र नव्हतं, नोंदी फक्त स्क्रीनवर बघत होते. तिथे ॲप पडलं नाही, रक्कम मात्र शून्यच होती आणि शेऱ्यापुढे इंग्रजी अक्षरांत 'नल' (कोडच्या भाषेत 'किंमतच नाही') असा शब्द उमटत होता. चुकलेली नोंद दुरुस्त करायला गेलं की मग तेही ॲप पडे.

लक्षणं तीन असली तरी मूळ एकच निघालं. ते शोधताना मला एक गोष्ट नीट समजली. एका भाषेत लिहिलेला क्लास (म्हणजे नोंदीचा साचा) दुसऱ्या भाषेच्या रिफ्लेक्शनने (चालू प्रोग्रामला क्लासची रचना विचारायच्या सोयीने) वाचला, तर लिहिणाऱ्याने दिलेल्या वचनांपैकी नेमकी किती वाचणाऱ्यापर्यंत पोचतात? माझी समजूत होती की बहुतेक सगळी. प्रत्यक्षात फार थोडी पोचतात, आणि कोणती ते क्लासकडे नुसतं बघून सांगता येत नाही.

ॲप आणि त्यातला एक क्लास

केंद्रावर वजनकाटा आणि फॅट मोजायचं यंत्र असतं. त्यांचं वाचन तिथल्या संगणकावरून सर्व्हरला जातं, सर्व्हर दरपत्रकातून दर काढतो आणि तयार नोंद जेसॉनच्या रूपात सचिवांच्या फोनवर पाठवतो. फोनवरचं ॲप ती नोंद वाचून पावती छापतं. दहा दिवसांचं बिल सर्व्हरवरच होतं, फोनवर नाही. त्यामुळे त्या संध्याकाळी कोणाही उत्पादकाच्या पैशाला धक्का लागला नाही. पण दूध घालून हातात शून्य रकमेची पावती घेऊन घरी जाणाऱ्या माणसाला हे कोण सांगणार?

सर्व्हर जावात आहे. ॲपही आधी जावात होतं, पुढे कॉटलिनमध्ये आणलं. ही जावाच्याच जेव्हीएमवर (कोड चालवणाऱ्या यंत्रणेवर) चालू शकणारी नवी भाषा. जेसॉन वाचायला पहिल्यापासून जीसॉन ही लायब्ररी होती. नावं सारखी वाटतात म्हणून सांगते: जेसॉन हे मजकुराचं स्वरूप आणि जीसॉन ही ते वाचणारी जावाची लायब्ररी. गूगलने ती २००८ मध्ये खुली केली. कॉटलिनची १.० आवृत्ती आली फेब्रुवारी २०१६ मध्ये. हा आठ वर्षांचा फरक या प्रकरणात महत्त्वाचा आहे. जीसॉन घडली तेव्हा तिच्यासमोर फक्त जावाचे क्लास होते.

ज्या क्लासमुळे हे घडलं त्यात आठ प्रॉपर्टी आहेत. (कोडमध्ये नावं इंग्रजी आहेत, इथे मराठीत लिहिते.) सभासद कोड, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून इतर घन पदार्थ) आणि दर या पाच सक्तीच्या. उरलेल्या तिघींना त्या वेळी डिफॉल्ट (किंमत दिली नाही तर घ्यायची ठरलेली किंमत) होते: शिफ्टला 'सकाळ', गुणकाला १.० आणि शेऱ्याला रिकामी स्ट्रिंग (मजकूर). गुणक म्हणजे केंद्राने जाहीर केलेली जादा टक्केवारी. बहुतेक केंद्रांवर तो १.० असतो. रक्कम म्हणजे लिटर, दर आणि गुणक यांचा गुणाकार.

यातली एकही प्रॉपर्टी नल असू शकत नाही. कॉटलिनमध्ये टाइपपुढे प्रश्नचिन्ह नसेल तर त्या जागी नल येणार नाही, अशी भाषेची हमी असते. त्या हमीवर विसंबून आम्ही पुढचा सगळा कोड लिहिला होता.

तीन बदल, आणि तिन्ही योग्य वाटलेले

पहिला बदल जुना होता. जावाचा क्लास कॉटलिनमध्ये आणताना आम्ही त्याचा डेटा क्लास (किमती साठवायचा कॉटलिनमधला खास क्लास) केला आणि आठही प्रॉपर्टींना डिफॉल्ट दिले: कोडला रिकामी स्ट्रिंग, लिटरला ०.०, याप्रमाणे. कित्येक महिने सगळं सुरळीत चाललं.

दुसरा बदल मी स्वतः सुचवला. कोड रिकामा असलेली नोंद ही नोंदच नव्हे, मग त्याला डिफॉल्ट कशाला? सक्तीच्या पाच प्रॉपर्टींचे डिफॉल्ट काढले आणि इनिट ब्लॉकमध्ये (वस्तू तयार होताना चालणाऱ्या कोडमध्ये) 'लिटर शून्यापेक्षा जास्त हवेत' अशी अट घातली. त्याच वेळी छपाईच्या कोडमध्ये शेरा नल आहे का हे बघणारी एक जुनी ओळ होती. कंपायलर त्या ओळीवर इशारा देत होता, की ही अट नेहमी खरीच असणार. ती ओळही काढली. क्लास आता हवा तसा कडक झाला, असं आम्हाला वाटलं. युनिट टेस्ट सगळ्या हिरव्या. पण त्या टेस्ट नोंद तयार करायच्या त्या थेट कन्स्ट्रक्टरने (वस्तू तयार करणाऱ्या कोडने). जेसॉनमधून एकही नाही.

तिसरा बदल सर्व्हरवाल्यांचा. खेड्यांत नेटवर्क तुटक असतं, म्हणून पाठवायचा मजकूर कमी करण्यासाठी त्यांनी डिफॉल्टइतकीच किंमत असलेले रकाने गाळायला सुरुवात केली. गुणक १.० असेल तर तो पाठवायचा नाही, शेरा रिकामा असेल तर तोही नाही. आम्हाला विचारलं होतं आणि आम्ही होकारही दिला होता. क्लासमध्ये डिफॉल्ट लिहिलेले होते ना! हा बदल दुपारी गेला आणि संध्याकाळी फोन आले.

त्या रात्री सर्व्हरचा बदल मागे घेतला. पहाटे पाचला सकाळचं दूध सुरू होतं आणि सकाळच्या नोंदींत शिफ्टही गाळली गेली असती. खरा तपास दुसऱ्या दिवशी सुरू झाला.

जावाच्या डोळ्यांनी

पडलेल्या ॲपचा माग थेट पावती छापणाऱ्या फंक्शनपाशी जात होता. संदेशाचा अर्थ असा: नॉन-नल म्हणून सांगितलेल्या पॅरामीटरमध्ये नल आला आहे. कॉटलिनचा कंपायलर बाहेरून बोलावता येणाऱ्या फंक्शनच्या सुरुवातीला अशी तपासणी घालतो, प्रायव्हेट फंक्शनला घालत नाही. म्हणजे नल जन्मला कुठेतरी वर, चार थर बिनबोभाट उतरून आला आणि पहिल्या पब्लिक दारावर अडवला गेला. जिथे छपाई नव्हती तिथे असं दार वाटेत आलंच नाही, म्हणून स्क्रीनवर नल हा शब्द दिसला. दुरुस्ती करताना ॲप पडत होतं, कारण डेटा क्लासचं कॉपी फंक्शन आधीच्या सगळ्या किमती नव्याने पॅरामीटर म्हणून घेतं आणि तिथे तपासणी असते.

पण नॉन-नल प्रॉपर्टीत नल शिरला कसा? शेरा न देता कॉटलिनमधून ती वस्तू बनवली तर रिकामी स्ट्रिंग मिळते. हे दहा वेळा करून बघितलं.

मग मी विचार उलटा केला. आपल्याला हा क्लास कसा दिसतो ते सोडून द्यायचं आणि जीसॉनला कसा दिसतो ते बघायचं. जीसॉन जावाचं रिफ्लेक्शन वापरते. हे रिफ्लेक्शन जावाच्या १.१ आवृत्तीपासून, म्हणजे १९९७ पासून आहे. चालू प्रोग्रामला क्लासची फील्ड (किमती ठेवायच्या जागा), मेथड (फंक्शन), कन्स्ट्रक्टर आणि अॅनोटेशन (कोडला जोडलेल्या चिठ्ठ्या) विचारता येतात. मी जावातच चाळीसेक ओळींचा एक प्रोग्राम लिहिला आणि आमच्या कॉटलिन क्लासला एकेक प्रश्न विचारत गेले.

फील्ड आठ निघाली, सगळी प्रायव्हेट आणि फायनल. कॉटलिनमधली प्रॉपर्टी ही जावाच्या दृष्टीने एक वस्तू नाहीच. एक लपवलेलं फील्ड आणि 'गेट'ने सुरू होणारी एक मेथड, अशा दोन सुट्या गोष्टी दिसतात. त्या एकाच प्रॉपर्टीच्या आहेत हे नावावरून ताडायचं. लिटर, फॅट, एसएनएफ, दर आणि गुणक ही पाच फील्ड जावाच्या साध्या 'डबल' टाइपची होती, कोड आणि शेरा स्ट्रिंग होत्या, शिफ्ट आमच्या ईनमची (ठरलेल्या नावांच्या यादीची).

मेथडच्या यादीत आम्ही न लिहिलेलं बरंच काही होतं. 'कंपोनंट१' ते 'कंपोनंट८', कॉपी, आणि कॉपीच्या नावापुढे डॉलरचं चिन्ह व 'डिफॉल्ट' जोडलेली एक सिंथेटिक स्टॅटिक मेथड. हे सगळं कंपायलरने भरलेलं.

कन्स्ट्रक्टरच्या यादीपाशी मात्र मी थांबले. कॉटलिनमध्ये आम्ही एकच लिहिला होता. जावाला दिसत होते दोन. पहिला आठ पॅरामीटरचा, अपेक्षेप्रमाणे. दुसरा सिंथेटिक, दहा पॅरामीटरचा: तेच आठ, त्यापुढे एक पूर्णांक आणि शेवटी 'डिफॉल्ट कन्स्ट्रक्टर मार्कर' नावाच्या टाइपचं एक पॅरामीटर.

आमचे डिफॉल्ट या दुसऱ्यात होते. जेव्हीएमला डिफॉल्ट पॅरामीटर ही कल्पनाच माहीत नाही, म्हणून कॉटलिन ती अशी बसवतो. नवव्या जागच्या पूर्णांकातला एकेक बिट एकेका पॅरामीटरचा. बिट १ असेल तर 'ही किंमत दिलेली नाही, डिफॉल्ट घे'. आमची शिफ्ट सहाव्या जागी, म्हणून तिचा बिट ३२ चा. गुणकाचा ६४, शेऱ्याचा १२८. तिन्ही गाळायचे तर २२४. पडताळून बघायचं म्हणून जावाच्या रिफ्लेक्शनमधून हाच कन्स्ट्रक्टर बोलावला. पाच खऱ्या किमती, पुढच्या तीन जागी नल, ०.० आणि नल, मग २२४, आणि मार्करच्या जागी नल. जी नोंद हातात आली तिची शिफ्ट सकाळ, गुणक १.० आणि शेरा रिकामा होता. डिफॉल्ट हरवले नव्हते. क्लास फाइलमध्येच होते, पण एका अशा दारामागे ज्याची किल्ली जावाच्या कोणत्याही सर्वसाधारण लायब्ररीकडे नसते. कोणता बिट कशाचा, कोणत्या पॅरामीटरला डिफॉल्ट आहे, हे जावाचं रिफ्लेक्शन सांगत नाही. पॅरामीटरची नावंसुद्धा सांगत नाही, त्यासाठी कंपाइल करताना वेगळा पर्याय द्यावा लागतो.

मग जीसॉन कोणतं दार वापरते? ती आधी बिनपॅरामीटरचा कन्स्ट्रक्टर शोधते. प्रायव्हेट असला तरी तिला चालतो. आमच्या यादीत तो नव्हता.

इथे मी आधीच्या आवृत्तीचा क्लास गिटमधून काढला, ज्यात आठही प्रॉपर्टींना डिफॉल्ट होते, आणि त्याच्यावर तोच प्रोग्राम चालवला. कन्स्ट्रक्टर तीन! आठांचा, दहांचा आणि एक बिनपॅरामीटरचा. प्रायमरी कन्स्ट्रक्टरच्या प्रत्येक पॅरामीटरला डिफॉल्ट असेल तर कॉटलिनचा कंपायलर जेव्हीएमसाठी बिनपॅरामीटरचा कन्स्ट्रक्टर आपणहून तयार करतो. अशा कन्स्ट्रक्टरवर अवलंबून असणाऱ्या जावाच्या लायब्रऱ्यांची सोय व्हावी म्हणूनच तो असतो, आणि कॉटलिनच्या दस्तऐवजात तसं लिहिलेलंही आहे. आठपैकी एकाचा जरी डिफॉल्ट काढला तरी तो नाहीसा होतो. कंपायलर काही बोलत नाही, कारण कॉटलिनच्या दृष्टीने काहीच बिघडलेलं नसतं.

म्हणजे मी पाच डिफॉल्ट काढले आणि उरलेले तीन निकामी झाले.

बिनपॅरामीटरचा कन्स्ट्रक्टर मिळाला नाही की जीसॉन शेवटचा उपाय करते. जेडीकेच्या (जावाच्या साधनसंचाच्या) आतल्या 'अनसेफ' नावाच्या क्लासला ती वस्तूपुरती जागा मागते. मेमरी मिळते, सगळी फील्ड शून्य होतात, पण कोणताही कन्स्ट्रक्टर चालत नाही. मग जेसॉनमध्ये जे रकाने आले ते ती एकेका फील्डमध्ये थेट लिहिते. फायनल फील्डसुद्धा रिफ्लेक्शनने आधी मोकळं करून लिहिता येतं. जे रकाने आले नाहीत ती फील्ड शून्यावरच राहतात: डबल असेल तर ०.०, स्ट्रिंग असेल तर नल.

गुणक ०.०. म्हणून रक्कम शून्य. शेरा नल. म्हणून छपाईपाशी अपघात (पहिल्या केंद्रावर शेरा भरलेला असणार, म्हणून तिथे पावती निघाली). आणि इनिट ब्लॉकमधली लिटरची अट? ती कन्स्ट्रक्टरचाच भाग, तीही चालली नाही. क्लास कडक करायला घातलेली प्रत्येक गोष्ट कन्स्ट्रक्टरमध्ये होती आणि नेमका तोच वगळला गेला.

प्रश्नचिन्ह जातं कुठे

शून्य रकमेचा उलगडा झाला, तरी मला एक गोष्ट खटकत होती. शेरा नॉन-नल आहे ही माहिती क्लास फाइलमध्ये कुठेच नसते का? असती तर जीसॉनने ती वाचायला काय हरकत होती?

जेडीकेबरोबर येणाऱ्या जावा-पी या साधनाने क्लास फाइल सविस्तर उलगडून बघितली. शेऱ्याच्या फील्डवर जेटब्रेन्सचं (कॉटलिन बनवणाऱ्या कंपनीचं) 'नॉट-नल' अॅनोटेशन स्पष्ट होतं. पण माझ्या जावा प्रोग्रामने त्याच फील्डची अॅनोटेशन विचारली, तर यादी रिकामी. एकच फाइल, दोन उत्तरं. मी अर्धा दिवस स्वतःच्या प्रोग्राममधली चूक शोधत बसले होते.

चूक नव्हती. जावात अॅनोटेशनच्या मुक्कामाचे तीन प्रकार असतात: फक्त सोर्समध्ये राहणारं, क्लास फाइलपर्यंत येणारं, आणि प्रोग्राम चालू असताना रिफ्लेक्शनला दिसणारं. नॉट-नल मधल्या प्रकारात मोडतं. संपादकाला आणि दुसऱ्या कंपायलरला ते वाचता येतं, जावात लिहिणाऱ्याला इशारा मिळतो, पण चालू प्रोग्रामच्या दृष्टीने ते नसल्यात जमा. जेनेरिकच्या (यादीसारख्या, आत दुसरा टाइप घेणाऱ्या टाइपच्या) आतलं प्रश्नचिन्ह तर जावाच्या टाइपमध्ये उतरतच नाही. 'स्ट्रिंगची यादी' आणि 'नल असू शकणाऱ्या स्ट्रिंगची यादी' रिफ्लेक्शनला तंतोतंत सारख्या दिसतात.

फरक दिसतो तो फक्त आकड्यांसारख्या साध्या टाइपांत. प्रश्नचिन्ह नसलेला डबल हा जावाचा साधा डबल होतो, प्रश्नचिन्ह असलेला त्याचा वस्तुरूप टाइप होतो. पण हा फरकही आमच्या उपयोगाचा नव्हता. साध्या डबलमध्ये नल मावत नाही, तिथे ०.० येऊन बसतो, आणि दुधाच्या हिशेबात ०.० हा नलपेक्षा जास्त घातक. नलने ॲप पाडलं, म्हणून त्या मागावरून आम्हाला मूळ सापडलं. नुसतं शून्य असतं तर त्या केंद्राने फोन करेपर्यंत काहीच कळलं नसतं.

क्लासवर मात्र एक अॅनोटेशन रिफ्लेक्शनलाही दिसत होतं: कॉटलिनचं 'मेटाडेटा'. कॉटलिनच्या कंपायलरमधून आलेल्या क्लासवर ते असतं. त्यात क्लासचा प्रकार, मेटाडेटाची आवृत्ती, आणि स्ट्रिंगच्या दोन याद्या. एका यादीत प्रोटोकॉल बफरच्या (गूगलच्या एका बायनरी पद्धतीच्या) स्वरूपात बांधलेली माहिती, दुसरीत तिला लागणारी नावं. छापून बघितलं तर पहिल्या यादीत न वाचता येणारी चिन्हं. पण जावाला न समजलेलं बरंचसं त्यातच आहे: कोणती प्रॉपर्टी, कोणत्या पॅरामीटरला डिफॉल्ट, कुठे प्रश्नचिन्ह, कोणतं फंक्शन इंटर्नल (फक्त त्याच मॉड्यूलला खुलं).

ते वाचायला कॉटलिनची स्वतःची रिफ्लेक्शन लायब्ररी लागते. ती जोडली आणि त्याच क्लासला तेच प्रश्न विचारले. प्रायमरी कन्स्ट्रक्टर एक, पॅरामीटर आठ, नावांसकट. पहिले पाच सक्तीचे, शेवटचे तीन ऐच्छिक. नल चालणारं एकही नाही. शेवटी पॅरामीटर आणि किंमत अशा जोड्यांचा मॅप देऊन कन्स्ट्रक्टर बोलावला, त्यात फक्त पाच किमती होत्या. बिटांचा हिशेब लायब्ररीने केला, तिन्ही डिफॉल्ट आले. मुद्दाम लिटर शून्य देऊन बघितलं, तर इनिट ब्लॉकने अडवलं. क्लास तोच, फाइल तीच, फक्त विचारणारा बदलला होता.

ही काही कॉटलिनचीच गोष्ट नाही. जेव्हीएमवरचीच दुसरी भाषा स्काला, तिची दुसरी पिढीही (स्काला २) जावाच्या टाइपमध्ये न मावणारी माहिती क्लासवरच्या एका अॅनोटेशनमध्ये बाइट्सच्या रूपात ठेवत आली आहे. पाहुण्या भाषेला यजमानाच्या घरात एवढीच जागा मिळते.

दुरुस्ती

जीसॉनला यात दोष देता येणार नाही. तिच्या मुखपृष्ठावरच्या माहितीत स्वच्छ लिहिलं आहे, की तिचा रोख जावावर आहे, कॉटलिनचे नॉन-नल टाइप किंवा डिफॉल्ट असलेले कन्स्ट्रक्टर तिला समजत नाहीत, आणि दुसऱ्या भाषेसाठी त्या भाषेला आधार देणारी लायब्ररी घ्यावी. आम्ही कॉटलिनकडे वळलो तेव्हा ते पुन्हा वाचायला हवं होतं.

तातडीचा उपाय म्हणून पाचही डिफॉल्ट परत घातले, आणि लिटरचा डिफॉल्ट ०.० अडू नये म्हणून इनिट ब्लॉकमधली अट तात्पुरती काढली. बिनपॅरामीटरचा कन्स्ट्रक्टर परत आला, ॲप त्याच दिवशी गेलं. पण हा अर्धाच इलाज होता. रकाना गाळला तर डिफॉल्ट राहतो, पण सर्व्हरने शेऱ्यात स्पष्टपणे नल पाठवला तर जीसॉन तो डिफॉल्टवर लिहून टाकते. शिवाय ईनममध्ये नसलेलं नाव आलं तरी ती नलच देते. उद्या कोणी 'दुपार' नावाची शिफ्ट सुरू केली की शिफ्ट नल.

कायमच्या उपायासाठी तीन वाटा होत्या. एक, जेसॉनसाठी सगळी फील्ड नल चालणारी असा वेगळा क्लास ठेवायचा आणि हाताने तपासून कडक क्लासमध्ये उतरवायचा. खात्रीची वाट, पण साठेक क्लाससाठी दुप्पट लिखाण. दोन, मोशी ही लायब्ररी कॉटलिनच्या रिफ्लेक्शनसह वापरायची. मोशीची एक गोष्ट मला फार आवडली. कॉटलिनचा आधार न जोडता तिला कॉटलिनचा क्लास दिला, तर ती मेटाडेटा अॅनोटेशन बघून ओळखते आणि काम करायला सरळ नकार देते. अर्धवट वस्तू हातात ठेवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. पण कॉटलिनच्या रिफ्लेक्शनची लायब्ररी अडीच एमबीच्या आसपास, आणि केंद्रांवरचे फोन साधे. मोशी कंपाइलच्या वेळी कोड तयार करून हे टाळूही शकते.

आम्ही तिसरी वाट घेतली: कॉटलिनचंच सीरियलायझेशन (जेसॉन वाचायची-लिहायची लायब्ररी). त्यात रिफ्लेक्शन लागत नाही. कंपायलरचं प्लगइन प्रत्येक क्लाससाठी वाचणारा कोड त्याच वेळी तयार करतं, जेव्हा प्रश्नचिन्हं आणि डिफॉल्ट अजून जिवंत असतात. सक्तीचा रकाना आला नाही तर तिथल्या तिथे नावासकट एरर येते, इनिट ब्लॉक चालतो. बदलताना एक खड्डा लागला: अनोळखी रकाना आला की ही लायब्ररी एरर देते, जीसॉन देत नसे. सर्व्हरने नवा रकाना घातला तर जुनी ॲप बंद पडली असती, म्हणून ती शिथिलता मुद्दाम चालू केली. ज्या नॉन-नल प्रॉपर्टीला डिफॉल्ट आहे तिथे नल किंवा अनोळखी ईनम आला तर डिफॉल्ट घ्यायचा, हीही सोय आहे. शेऱ्यासाठी ती हवीच होती. शिफ्टसाठी नको होती, कारण अनोळखी शिफ्टला गुपचूप 'सकाळ' म्हणणं म्हणजे चुकीची पावती. पण ही सोय एकेका प्रॉपर्टीपुरती नसते, अख्ख्या वाचकाला लागू होते. म्हणून शिफ्टचा डिफॉल्टच काढला आणि सर्व्हरला तो रकाना नेहमी पाठवायला सांगितलं.

बाकीचे क्लास

तो चाळीस ओळींचा जावा प्रोग्राम टाकून द्यायला मन होईना. साठही क्लासवर चालवला.

एका क्लासमध्ये आळशी प्रॉपर्टी होती, पहिल्यांदा मागितल्यावर मोजली जाणारी. जावाला ती 'डेलिगेट' जोडलेल्या वेगळ्याच फील्डच्या रूपात दिसते आणि ते फील्ड कन्स्ट्रक्टरमध्ये भरलं जातं. 'अनसेफ'ने बनवलेल्या वस्तूत ते नल असतं, म्हणजे प्रॉपर्टी मागितली की अपघात ठरलेला. ती फक्त वार्षिक अहवालात वापरली जाते, मार्चपर्यंत कळलं नसतं.

दुसऱ्या ठिकाणी एका सहकाऱ्याने लिटर आणि किलो यांची गल्लत होऊ नये म्हणून लिटरचा व्हॅल्यू क्लास (एकाच किमतीभोवतीचं वेगळ्या टाइपचं वेष्टण) केला होता. तो शून्य आणि ऋण आकडे नाकारायचा. कॉटलिनमध्ये सुंदर दिसत होता. जावाच्या रिफ्लेक्शनला तिथे लिटर नावाचा क्लास दिसलाच नाही, फील्ड नुसतं डबल, आणि गेट मेथडच्या नावाला हायफन व काही अक्षरं चिकटलेली. जीसॉन त्या डबलमध्ये थेट ऋण आकडाही लिहू शकत होती.

सर्व्हरबरोबर वाटून घेतलेल्या मॉड्यूलमध्ये 'इज'ने सुरू होणाऱ्या बूलियन प्रॉपर्टी सापडल्या. सर्व्हरवर जॅक्सन ही जेसॉनची दुसरी लायब्ररी आहे. कॉटलिनचं मॉड्यूल न जोडलेला जॅक्सन मेथडच्या नावातलं 'इज' गाळून उरलेलं नाव जेसॉनमध्ये लिहितो, आणि आमचं ॲप पूर्ण नाव शोधतं. तो रकाना कधीच जुळला नव्हता. डिफॉल्ट 'नाही' होता आणि खरं उत्तरही बहुधा 'नाही'च असायचं, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

आता त्या प्रोग्रामचं रूपांतर एका टेस्टमध्ये केलं आहे. अजून जीसॉनमधून जाणारे अकरा क्लास उरलेत. त्यातल्या ज्या क्लासवर मेटाडेटा आहे आणि बिनपॅरामीटरचा कन्स्ट्रक्टर नाही, त्याचं नाव छापून बिल्ड थांबतो. शिवाय जीसॉनला 'अनसेफ' वापरू नकोस असं सांगणारी सेटिंग आहे, ती लावली. आता तिला कन्स्ट्रक्टर सापडला नाही तर ती एरर देते. आणि प्रत्येक क्लाससाठी रिकाम्या महिरपी कंसांचं जेसॉन वाचून बघणारी एक टेस्ट.

गेल्या महिन्यात बिल्ड एकदा थांबला. नव्या मुलाने वाहतुकीच्या क्लासमधल्या टँकर क्रमांकाचा डिफॉल्ट काढला होता. 'रिकामा क्रमांक कशाला चालू द्यायचा?' असं त्याने कमिटमध्ये लिहिलं होतं, आणि त्याचं म्हणणं बरोबर होतं. आम्ही दोघांनी बसून तो क्लास कॉटलिनच्या सीरियलायझेशनवर नेला. आता दहा उरलेत.